पॅन्टोप्राझोल की फॅमोटिडिन?

जुन्या ॲसिडिटीवर डॉक्टर बरेचदा या दोनपैकी एक गोळी लिहून देतात. पॅन्टोप्राझोल पोटात आम्ल सोडणारा पंपच बंद पाडते. पण ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची. चहा-खारी झाल्यावर आठवली तर तेवढा गुण येत नाही. पूर्ण परिणामाला काही दिवस लागतात, आणि आपली माणसं दुसऱ्याच दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून मोकळी! फॅमोटिडिन तासाभरात काम दाखवते, रात्रीच्या जळजळीला बरी. रोज घेतली की मात्र जोर ओसरतो. अन्ननलिकेला जखम असेल तर पॅन्टोप्राझोलच सरस. फक्त महिनोन्महिने घेऊन एकदम थांबवली तर आम्ल पुन्हा उसळतं, म्हणून ती किती दिवस घ्यायची आणि कशी बंद करायची, हे डॉक्टरांकडून चिठ्ठीवरच लिहून घ्या.