वंशावळ तज्ज्ञाचं सर्टिफिकेट आणि माझे ३७ हजार

खूप दिवस लिहू की नको करत होते, स्वतःची शोभा करून घ्यायची हौस कुणाला असते, पण परवा नात्यातल्याच एका मुलीने, ज्या कोर्सात मी फसले त्याचीच जाहिरात मला पाठवून "ताई हे चांगलं आहे का गं" विचारलं, म्हणून बसले लिहायला.

मी दापोली तालुक्यातली, आंजर्ल्याच्या जवळ आमचं गाव. मोडी लिपीचा दहा दिवसांचा वर्ग केला होता, मग घरातल्या ट्रंकेतले कागद वाचायला लागले, त्यातून भाऊबंदांच्या वंशावळी लिहून द्यायचा नाद लागला. आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची पद्धत जुनीच, पण छापल्यावर पुढच्या दोन पिढ्या कोण भरणार, सगळे मुंबई-पुण्याला. शिवाय सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, वारस नोंद करायची तर आधी कोण कुणाचं हे कळायला हवं. त्यात २०२३ ला कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. मला वाटलं हातात एखादं सर्टिफिकेट असेल तर लोक पैसेही नीट देतील, नाहीतर आपल्याकडे "जरा बघून दे ना" म्हणजे फुकट.

तेवढ्यात ती जाहिरात दिसली. 'आंतरराष्ट्रीय प्रमाणित वंशावळ तज्ज्ञ, तीन महिन्यांत, घरबसल्या.' व्हॉट्सॲपवर एक सर बोलायला. इतके गोड की विचारू नका, मॅडम मॅडम, तुमच्यासारखी मोडी येणारी माणसं आम्हाला हवीच आहेत. नोंदणी ३,५००, मग फी २१,५००, आणि सगळं झाल्यावर 'आंतरराष्ट्रीय अटेस्टेशन' म्हणून १२,०००, ते नाही भरलं तर आधीचं सगळं बाद. तिन्ही वेळा यूपीआयवर वेगळंच नाव आलं, कुठल्या तरी बाईचं. विचारलं तर म्हणे अकाउंट्सच्या मॅडम. मी मानलं. मानायचंच होतं ना मला.

शिकवलं काय, तर पाच पीडीएफ आणि एक झूम मीटिंग, तीसुद्धा अर्ध्यात बंद पडली. शेवटी एक प्रोजेक्ट, स्वतःच्या घराण्याची वंशावळ पुराव्यासकट. मी रात्री जागून केली, ९२ मार्क आणि 'एक्सलंट' असा शेरा. सोनेरी अक्षरांचं सर्टिफिकेट कुरिअरने आलं. नावापुढे सी. जी. लावा म्हणाले, त्याचा अर्थ सर्टिफाइड जिनिऑलॉजिस्ट. मी दोनशे व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. शेजारचे तात्या सर्टिफिकेट चष्म्याजवळ धरून बराच वेळ बघत होते, मग म्हणाले, "काय गो, शिक्क्यात जिऑलॉजिस्ट लिवलंय, मग आमच्या विहिरीला पाणी कुठे लागंल तेवढं सांग." मी हसण्यावारी नेलं. छापताना झालं असेल, म्हटलं.

फुटलं ते अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकामुळे. मूळचे गुहागरकडचे, मुलांसाठी वंशावळ करून हवी होती, कार्ड पाठवलं तर त्यांचा मेसेज, ही अक्षरं इथल्या बोर्डाची आहेत, त्यांच्या यादीत तुमचं नाव दिसत नाही. मग मी शोधलं. बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जिनिऑलॉजिस्ट्स, १९६४ पासूनची संस्था, ती अक्षरं त्यांच्या नावावर रजिस्टर आहेत, ज्यांना त्यांनी दिली त्यांनीच लावायची. आणि ते कोर्स विकतच नाहीत! तुम्ही आपलं काम पाठवायचं. गिऱ्हाइकासाठी केलेला रिपोर्ट, पुरावे एकमेकांशी भांडत असताना निकाल कसा लावला ते दाखवणारं प्रकरण, आणि तीन पिढ्यांचं नातं सिद्ध करून दाखवायचं. परीक्षक ते वाचून जोखतात, पास झालात तरी दर पाच वर्षांनी परत काम दाखवायचं. यूटामध्ये आयकॅपजेन म्हणून दुसरी एक आहे, तिथे परीक्षासुद्धा असतात. तीन महिन्यांत घरबसल्या कुठेच नाही.

तरी मनात होतं, निदान ९२ मार्क तर खरे असतील. म्हणून तो प्रोजेक्ट परत काढला आणि पोटात गोळाच आला. मी लिहिलं होतं, विष्णू गणेश, मृत्यू शके १७९९, म्हणजे १८७७, हे घरच्या मोडी टिपणातून. त्याच्या खाली मुलगा दामोदर विष्णू, जन्म १९०३, हे कोतवाल बुकातून, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतून. बाप गेल्यावर सव्वीस वर्षांनी मुलगा! आपल्याकडे आजोबा गेले की नातवाला त्यांचं नाव, त्यामुळे विष्णूचा गणेश, गणेशचा परत विष्णू, आजा आणि नातू दोघेही 'विष्णू गणेश'. मी दोघांना एकच धरलं आणि मधल्या दोन पिढ्या गडप. ही चूक नवखा हमखास करतो, आणि शिकवणाऱ्याने पहिली हीच पकडायला हवी. त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नव्हतं, पान दोनवरच होतं ते.

सरांना विचारलं तर दोन दिवस 'चेक करतो', मग ब्लॉक. दापोलीला पोलिसात अर्ज दिला, १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरवर फोनही केला, तिथे पहिला प्रश्न पैसे कधी गेले, आणि मी सांगणार चार महिने झाले. पैसे गेल्या गेल्या फोन केला तरच अडवायची काही आशा असते. तेव्हा कुणाचे आत्ताच गेले असतील तर हे वाचत बसू नका, आधी फोन लावा.

आणि त्या मुलीला सांगितलं तेच इथे सांगते. जात पडताळणीला वंशावळ प्रतिज्ञापत्रावर देतात, तिथे पुरावे बघतात, लिहिणाऱ्याचं सर्टिफिकेट कुणी विचारत नाही. शिकायचं असेल तर मोडी शीक, आणि कोर्सवाल्याला एवढंच विचार की माझं काम कोण वाचणार, त्याचं नाव काय. मी विचारलं असतं तर पहिल्या साडेतीन हजारांवरच सुटले असते.

वंशावळ आता दुरुस्त केलीय. पण चुकीची प्रत मी आधीच चुलतभावाला पाठवली होती, त्याने ती डोंबिवलीच्या हॉलमध्ये फ्रेम करून लावलीय. काढ म्हटलं तर म्हणतो, वास्तुशांतीला सगळ्यांनी बघितलीय, आता राहू दे, दोन पिढ्यांनी काय होतंय.