मनगट दाबून दाखवतात तो चमत्कार आणि मधुमेह्याचा तोल

फोंडा तालुक्यातल्या एका गावात देवळाच्या सभामंडपात 'मोफत नस तपासणी' होती. तिथून सत्तरीतल्या एका आजी साडेसहा हजारांचे चुंबकाचे इनसोल (चपलेत घालायचे तळ) घेऊन घरी आल्या. जुना मधुमेह, कापसावर चालल्यासारखे तळवे, रात्री बाथरूमला जाताना तोल जायचा. पावती मिळाली नाही, खोक्यावर उत्पादकाचा पत्ताही नाही.

त्यांना पटलं ते एका प्रयोगामुळे, तो नीट समजून घ्या. आधी अनवाणी एका पायावर उभं करतात, हात आडवा धरायला सांगतात आणि मनगट दाबतात. दाब सरळ खाली दिसतो, पण विकणाऱ्याची बोटं तो किंचित बाहेर, अंगापासून दूर ओढतात. भार पावलाबाहेर गेला की धडधाकट तरुणही कलंडतो. मग इनसोलवर उभं करून तोच हात दाबतात, आता जोर किंचित आत, टेकलेल्या पायाकडे. माणूस जागचा हलत नाही. शिवाय दुसऱ्या खेपेला दाब कधी, कसा येणार हे शरीराला ठाऊक झालेलं असतं. खात्री करायची तर घरातल्या तरुण माणसावर करा, मधुमेह्यावर मुळीच नको. चपलेत इनसोल आहे की नाही हे दाबणाऱ्याला कळू देऊ नका. फरक उरत नाही.

दुसरी हातचलाखी आकड्याची. बायोथेसिओमीटर, म्हणजे पायाला कंपन किती जाणवतं ते मोजणारं यंत्र, खरं आहे, म्हणूनच लोक फसतात. कंपन जाणवेपर्यंत व्होल्ट वाढवतात. २५च्या वर आकडा गेला तर पायाला जखम होण्याचा धोका मोठा. पण बटण भराभर फिरवलं की आकडा फुगतो, सावकाश फिरवलं की उतरतो. 'आधी ३०, आता २२' असं दाखवणं इतकं सोपं आहे.

तोल जातो कारण मधुमेहाने पायाच्या नसा बधिर होतात आणि पाऊल कुठे आणि कसं टेकलंय याची खबर मेंदूला पोचत नाही. ती उणीव डोळे भरून काढतात, म्हणून अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की झोक जातो. चुंबकाने ती नस जागी होत नाही. उलट इनसोलच्या उंचवट्यांनी बधिर तळवा सोलतो. आजींच्या अंगठ्याखाली फोड आला, तो कळला मोज्यावरच्या डागामुळे.

खरी तपासणी स्वस्त असते. १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (तळव्याला टेकवायचा नायलॉनचा धागा), १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क (कंप पावणारा धातूचा चिमटा) आणि झोपून व उभं राहून घेतलेला रक्तदाब. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर चक्कर तिथून असू शकते. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर रक्तातलं बी-१२ जीवनसत्त्व बघायला सांगा. आरोग्य केंद्रातून बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवतील. व्यायाम म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा धरून पावलं जुळवून उभं राहणं, जमलं की एकापुढे एक. शेजारी कोणीतरी हवंच. चप्पल मागे पट्टा असलेली घ्या. पावसात चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तिथे कठडा नसेल तर आधी तो बसवा.

असा माल घेतला असेल तर खोकं, पत्रक आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवा. पत्रकावर 'मधुमेह बरा होतो' असं छापलं असेल तर ते मुद्दाम सांगा. अशा जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने बंदी आहे.