डोंगर-धुक्याच्या चित्रासाठी कागद: कच्चा की तुरटीचा?

श्वान, म्हणजे चिनी शाईचित्रांसाठीचा पारंपरिक कागद, घेताना पेच हमखास पडतो: ‘शंग’, म्हणजे कच्चा घ्यायचा, की ‘शू’, म्हणजे सरस-तुरटीचा हात दिलेला? आन्ह्वेई प्रांतातल्या चिंग परगण्यात दोन्हींचा मूळ लगदा एकच: छिंगथान झाडाची साल आणि भाताचा पेंढा. फरक पडतो तो पुढे.

शाईचं वागणं: कच्च्यावर कुंचला क्षणभर थबकला तरी डाग फुगतो. धुकं, ओल्या दरडी त्यातूनच येतात, पण चुकलेली रेघ पुसता येत नाही. शाई फारच पसरत असेल तर कुंचला आधी फडक्यावर टिपून घ्या; बहुतेकदा दोष कागदाचा नसतो, पाण्याचा असतो. शूवर रेघ जिथल्या तिथे राहते, निळ्या-हिरव्या खनिज रंगांचे पातळ हात एकावर एक चढतात. मात्र मधेच थांबलात की कडा उमटते.

टिकाऊपणा: इथे कच्चा सरळ पुढे. तुरटी आम्लधर्मी, त्यामुळे शू काळानुसार ठिसूळ होतो. दमट कपाटात सरसाची पकड गेली की शाई ठिपक्याठिपक्यांनी झिरपते. जुन्या शू तावाच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. लगेच मुरला तर तो ताव सरावाला.

मोकळ्या शाईचे डोंगर काढायचे तर कच्चा, बारीक मंडप आणि रंगकामाला शू. हात अजून बसला नसेल तर अर्ध्या तुरटीचा ‘पान-शू’.