पन्हाळ्यावरचं टाइप वन मुलांचं शिबिर: स्वयंसेवक म्हणून जाणाऱ्यांसाठी

आधी निकाल सांगून टाकू. टाइप वन मधुमेह, म्हणजे ज्यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही आणि ते रोज टोचून घ्यावं लागतं, असलेल्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत पन्हाळ्यावर चार दिवसांचं निवासी शिबिर भरतं. तिथे स्वयंसेवक म्हणून जरूर जावं, पण रात्री जागायची तयारी असेल तरच. दिवसभर मुलांशी खेळायचं आणि अंधार पडायच्या आत गाडीला किक मारून कोल्हापूर गाठायचं, अशा लोकांना तिथे काम नाही. संयोजक हे फोनवरच स्पष्ट सांगतात, तेही बरंच आहे.

मुलं ८ ते १६ वयाची. पाच मुलांमागे एक ताई किंवा दादा. डॉक्टर, नर्स आणि आहारतज्ज्ञ मुक्कामालाच असतात. इन्सुलिनचा डोस ठरवणं हे तुमचं काम नाही आणि तुमच्यावर ते कुणी टाकतही नाही. तुमचं काम बघण्याचं, मोजण्याचं, लिहिण्याचं आणि वेळेवर हाक मारण्याचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी दुपारी जेवायच्या वेळी पाच मुलं पाच दिशांना पळतात तेव्हा किती सोपं ते कळतं.

शिबिराचा दर्जा नोंदणीच्या टेबलावरच ओळखावा. इथे प्रत्येक मुलाची औषधाची पिशवी पूर्ण रिकामी करून तपासतात, कारण कुणाचं इन्सुलिन कुणासारखं नसतं. सरकारी दवाखान्यातून मिळणारी बाटली बहुतेक वेळा ४० ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. इन्सुलिन टोचायच्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज, म्हणजे इन्सुलिनची छोटी नळी, १०० ची. सिरिंजही दोन तऱ्हेच्या: ४० ची लाल टोपणाची, १०० ची केशरी टोपणाची. खरा धोका इथे आहे. पेन अडकलं म्हणून कुणी कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने १० च्या रेघेपर्यंत इन्सुलिन ओढलं, तर मुलाच्या अंगात २५ युनिट जातात. उलट झालं, ४० च्या बाटलीतून केशरी टोपणाच्या सिरिंजने ओढलं, तर १० ऐवजी ४ च जातात आणि संध्याकाळी शुगर ३०० च्या पुढे का गेली याचा शोध सुरू होतो. म्हणून इथे पेन बिघडलं तर नवं पेन देतात, कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसायची परवानगी कुणालाच नाही. शिवाय प्रत्येक डोसला दोन माणसं लागतात: एकाने नाव, इन्सुलिन आणि युनिट मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने डोळ्यांनी ताडून बघायचं. रात्रीचं ग्लार्जिन (दिवसभर सावकाश काम करणारं इन्सुलिन) आणि जेवणाआधीचं रेग्युलर दोन्ही पाण्यासारखी स्वच्छ दिसतात, त्यामुळे नुसत्या नजरेवर विश्वास ठेवून चालत नाही. मिक्स, म्हणजे दोन तऱ्हांचं एकत्र केलेलं इन्सुलिन मात्र गढूळ. ते जोरात हलवायचं नसतं, तळहातात सावकाश घोळवून आणि उलटसुलट करून एकसारखं करायचं असतं. घाईत हेच राहून जातं आणि त्याच बाटलीतून आज एक परिणाम, उद्या दुसरा मिळतो.

एक उणीव इथेच नोंदवतो. बाटल्यांवर नावांचे कागदी स्टिकर लावतात आणि बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवतात. दुसऱ्या दिवशी निम्मे स्टिकर पेटीच्या तळाशी पोहत असतात. पक्क्या शाईच्या मार्करने लिहून वरून सेलोटेप मारली की भागतं. खर्च काहीच नाही, पण कुणी करत नाही. पेटीची दुसरी बाजू अशी की बर्फाच्या पॅकला बाटली थेट टेकली तर इन्सुलिन गोठतं. गोठून वितळलेलं इन्सुलिन दिसायला कधीकधी ठीकठाकच दिसतं, पण कामातून गेलेलं असतं. मधे जाड नॅपकिन हवाच. न उघडलेल्या बाटल्यांना २ ते ८ अंश लागतात. वापरातली बाटली मात्र पन्हाळ्याच्या नोव्हेंबरातल्या हवेत सावलीत खुशाल राहते. तिला पेटीत कोंबून गर्दी करायची गरज नाही.

स्वयंपाकघराबद्दल. जेवण चांगलं असतं: भाकरी, उसळ, पालेभाजी, थोडा भात, आणि एका रात्री बेताच्या तेलातला पांढरा रस्सा. तांबडा मागू नका, मिळत नाही. आहारतज्ज्ञ ताटातल्या पिष्टाचा (कार्बोहायड्रेटचा) हिशेब फळ्यावर लिहितात. साधारण ३० ग्रॅम पिठाची एक चपाती म्हणजे २० ग्रॅमच्या आसपास, वाटीभर शिजलेला भात ४० च्या आसपास. वाटी कुणाची आणि केवढी यावर सगळं अवलंबून, म्हणून मोजायची वाटी एकच ठेवतात. तुम्ही बघायचं ते मूल किती वाढून घेतं हे नाही, किती खातं हे. अर्धी भाकरी शेजारच्याच्या ताटात सरकवलेली असते, किंवा कुत्र्याला गेलेली असते. तेवढ्या भाकरीचं इन्सुलिन मात्र अंगात गेलेलं असतं.

आणि वेळ. रेग्युलर किंवा मिक्स इन्सुलिन घेणाऱ्या मुलाला टोचल्यावर साधारण अर्ध्या तासाने जेवायला लागतं. लवकर काम करणारं नवं इन्सुलिन घेणाऱ्याला जवळजवळ लगेच. स्वयंपाकी म्हणाले "झालंच बघा पाच मिनिटांत", की डोस द्यायचे नाहीत. भाकऱ्यांचा ढीग डोळ्यांनी बघायचा, मग इशारा द्यायचा. पाच मिनिटांचा अर्धा तास कधी होतो ते चुलीजवळच्या माणसालाही कळत नाही. रांगेत उभी असलेली मुलं मग एकेक करून लो व्हायला लागतात.

लो म्हणजे रक्तातली साखर मीटरवर ७० च्या खाली (आकडे सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). इथला नियम सोपा आहे आणि तो पाठ असल्याशिवाय मुलं ताब्यात देत नाहीत: १५ ग्रॅम साखर, १५ मिनिटं थांबा, पुन्हा तपासा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच. १५ ग्रॅम म्हणजे तीन सपाट छोटे चमचे साखर पाण्यात. लहानग्यांना वजनाप्रमाणे कमी, किलोला ०.३ ग्रॅम ग्लुकोज धरतात, म्हणजे २० किलोच्या मुलाला ६ ग्रॅम. कमरेच्या पाउचमध्ये ग्लुकोज पावडरीच्या मोजून बांधलेल्या पुड्या असतात. कोल्हापुरात गुळाचा खडा द्यायचा मोह होतो, आणि दुसरं काहीच जवळ नसेल तर जरूर द्यावा, पण तो चघळत बसावा लागतो आणि किती गेला ते कळत नाही. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर रक्तात पोचायला उशीर होतो. शुगर वर आल्यावर जेवण लांब असेल तर दोन-चार बिस्किटं किंवा कपभर दूध.

मूल शुद्धीत नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, मधही नाही. कुशीवर वळवायचं आणि डॉक्टरांसाठी शिट्टी वाजवायची. पुढचं काम डॉक्टरांचं: ग्लुकॅगॉन, म्हणजे रक्तातली साखर वर आणणारं इंजेक्शन, २५ किलोच्या आतल्या मुलाला अर्धा मिलिग्रॅम, त्याहून जास्त वजनाच्याला एक मिलिग्रॅम, नाहीतर शिरेतून डेक्स्ट्रोज (ग्लुकोजचं पाणी). ग्लुकॅगॉन औषधाच्या दुकानात मागितल्याबरोबर हातात पडेल असं नसतं. इथे ते आधीच आणून ठेवलेलं असतं आणि कुठे आहे ते प्रत्येक स्वयंसेवकाला दाखवतात. खाली कोल्हापुरातलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय वीसेक किलोमीटरवर आहे, पण घाटाच्या वळणांमुळे अंतरापेक्षा वेळ धरून चालावं. एक गाडी चालकासह रात्रभर उभी असते. रुग्णवाहिकेचा १०८ हा नंबर भिंतीवर लिहिलेला आहे, पण त्या एकट्यावर भिस्त ठेवलेली नाही.

तिसऱ्या दिवशी गडफेरी असते: तीन दरवाजा, अंधारबाव, अंबारखाना, सज्जा कोठी. अंतर फार नाही, पण मुलं चालत नाहीत, पळतात. त्या दिवशी सकाळी डॉक्टर डोस १० ते २० टक्क्यांनी उतरवतात आणि इन्सुलिन पोटावर टोचायला सांगतात. मांडीवर टोचून लगेच चढउतार केली तर चालत्या स्नायूमुळे इन्सुलिन लवकर शोषलं जातं. निघताना १०० च्या खाली असलेल्याने आधी काहीतरी खायचं. २५० च्या वर असलेल्याची लघवी कीटोनसाठी (इन्सुलिन कमी पडलं की शरीरात साठणारी आम्लं) तपासायची, आणि कीटोन निघाले तर तो खोलीवर थांबतो. कितीही रडला तरी. तासाभराने अंबारखान्याच्या सावलीत सगळ्यांची पुन्हा तपासणी. इथे एक गोष्ट दर वेळी चुकते: दर्शनाला आलेल्या कुणीतरी वाटलेला प्रसाद किंवा वाटेतला उसाचा रस बोटांना लागलेला असतो आणि मीटर २८० दाखवतं. साबण-पाण्याने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा तपासलं की १२० निघतात. त्या २८० वर विसंबून जादा डोस दिला असता तर काय झालं असतं, हे सांगायला नको. म्हणून पाण्याची पाच लिटरची बाटली उचलायला एक माणूस लागतो. सॅनिटायझरने साखर निघत नाही.

आता रात्र. पळापळीचा परिणाम त्याच वेळी संपत नाही. स्नायू पुढचे कितीतरी तास रक्तातली साखर ओढत राहतात, त्यामुळे दुपारी चार वाजता गड पालथा घातलेलं मूल पहाटे तीनला घसरतं, आणि झोपेत असल्यामुळे सांगत नाही. इथे बारा आणि तीन अशा दोन फेऱ्या होतात. कपाळावरचा टॉर्च लाल उजेडावर. चादरीतून हात हळूच बाहेर काढायचा. पन्हाळ्याच्या थंडीत बोटं गार असतात आणि रक्त येत नाही, म्हणून अर्धा मिनिट आपल्या मुठीत धरायची. मग अनामिकेच्या कडेला टोचायचं, मधोमध नाही, कारण मध्यावर जास्त दुखतं. कडेला नीट टोचलं तर निम्मी मुलं जागीही होत नाहीत. आकडा यायच्या आधी मानेमागे हात लावून बघा. गार हवेत मान घामाने ओली असेल तर पुडी फोडायला घ्या. झोपताना १२० च्या खाली असणाऱ्यांच्या पलंगाला हिरवी रिबीन बांधतात, त्यांची दोनलाही तपासणी होते. ही पद्धत एकदम भारी आहे.

मीटर प्रत्येकाचं स्वतःचं, बोटाला टोचायचं पेनही स्वतःचं. एकाचं पेन दुसऱ्याला द्यायचं नाही, सुई बदलली तरी नाही. कावीळ बी अशीच पसरते. सुईसकट सिरिंज आणि लॅन्सेट (बोटाला टोचायची बारीक सुई) पांढऱ्या न टोचणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, रिकाम्या काचेच्या बाटल्या निळ्यात. सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही. शेवटच्या दिवशी हॉलच्या फरशीवर सापडलेल्या लॅन्सेटची संख्या बघितली तर हा नियम अजून पुरता मुरलेला नाही, हे कबूल करावं लागेल.

मोठ्या मुलांच्या वह्यांवर डोळा ठेवा. वहीत ११०, १२५, ११८ असे देखणे आकडे ओळीने आले की मीटरची मेमरी उघडून बघायची. कुणी तपासलेलंच नसतं, कुणी मित्राचं रक्त स्ट्रिपला लावलेलं असतं. खेळातून बाहेर काढतील या भीतीने लोसुद्धा लपवतात. यावर रागावून काही निघत नाही. या शिबिरात लो झालेल्याला मैदानाच्या कडेला बसून गुण लिहायचं काम देतात आणि आकडा वर आला की परत घेतात. त्यामुळे लपवणं बरंच कमी झालंय. इंजेक्शन स्वतः घ्यायला न धजणाऱ्या मुलाला तुम्ही शिकवायला जाऊ नका. त्याच्याच वयाच्या, रोज स्वतः टोचणाऱ्या मुलाशेजारी त्याला बसवा आणि तुम्ही गप्प बसा.

खेळ, गाणी, शेकोटी ठीक. प्रमाणपत्र मिळतं. प्रवासखर्च आपला.

मुलांच्या सुरक्षेचे नियम कडक आहेत आणि ते तसेच असावेत: ओळखपत्राची प्रत, दोन ओळखीच्यांचे संदर्भ, कुणाही मुलाबरोबर बंद खोलीत एकट्याने थांबायचं नाही, मुलांचे फोटो स्वतःच्या मोबाइलवर काढायचे नाहीत. एखाद्या मुलाने काही गैर घडल्याचं सांगितलं तर ते स्वतःजवळ ठेवता येत नाही. पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याने कळवणं बंधनकारक आहे, आणि १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर ओळखपत्राच्या मागेच छापलेला आहे.

न आवडलेल्या गोष्टी दोन. पहिली, पाहुण्यांची भेट. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन आणि बालदिन एकत्र येतात. त्याच्या आगेमागे कुणीतरी मान्यवर फराळाचे डबे घेऊन येतात, फोटो होतात, आणि जेवणाचं वेळापत्रक पाऊण तास पुढे जातं. ज्यांचं इन्सुलिन आधीच गेलंय त्यांच्यासाठी तेवढ्या वेळात आपली धावाधाव. पाहुण्यांना चहाच्या वेळी बोलवा, एवढंच करायचं आहे.

दुसरी जास्त गंभीर. अशी शिबिरं जगात १९२५ पासून भरतात, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये पहिलं भरलं, म्हणजे इन्सुलिन माणसाला पहिल्यांदा दिल्यानंतर तीनच वर्षांत. इतक्या वर्षांत पळापळीमुळे डोस उतरवावा लागतो हे सगळ्यांना माहीत झालं आहे. पण घरी जाताना पालकांच्या हातात जो कागद पडतो, त्यावर शिबिरातला उतरवलेला डोस लिहिलेला असतो, आधीचा नाही. घरी मूल टीव्हीपुढे बसतं, डोस तोच चालू राहतो, आणि आठवडाभरात शुगर वर जाते. कागदावर दोन रकाने हवेत, शिबिरातला डोस आणि घरचा डोस, आणि दुसऱ्या रकान्याखाली डॉक्टरांची सही. तोवर निदान तुमच्या पाच मुलांच्या पालकांना निरोपाच्या वेळी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत स्वतः घेऊन जा. गाडी सुटायची घाई असते, ते आपणहून जात नाहीत.