स्लॉट कारच्या जुन्या ट्रॅकसाठी इमारती : घडीचा जाड कागद की पुठ्ठा?
१९६०च्या दशकातील स्केलेक्स्ट्रिक (खाचेतून धावणाऱ्या विजेच्या खेळण्यातील गाड्यांचा, म्हणजे स्लॉट कारचा, ब्रँड) ट्रॅकभोवती पिट (शर्यतीत गाड्यांच्या दुरुस्तीची जागा) आणि प्रेक्षागार यांच्या प्रतिकृती उभारताना इमारतीचे चित्र २०० जीएसएमच्या (दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या) जाड कागदावर छापून थेट घड्या घालाव्यात, की साधा छापील कागद २ मिमी जाडीच्या पुठ्ठ्यावर चिकटवावा, असा पेच नवशिक्यांना पडतो.

खर्चात फारसा फरक नाही. कष्टांत मात्र आहे, कारण पुठ्ठ्यातील प्रत्येक खिडकी पात्याने पुन्हापुन्हा कापावी लागते.

खरा प्रश्न टिकाऊपणाचा आहे. १:३२ या प्रमाणात (खऱ्याच्या बत्तिसाव्या भागाएवढ्या आकारात) सहा मीटर उंचीची खरी भिंत सुमारे १९ सेंटिमीटरची होते. एवढी मोठी पोकळ कागदी भिंत दमट हवेत फुगते आणि वळणावर खाचेतून निसटलेल्या गाडीच्या धडकेने चेपते. पुठ्ठा हे सोसतो. परंतु पाण्यात विरघळणारा गोंद एकाच बाजूस लावल्यास तोही वाकतो, म्हणून मागच्या बाजूसही कागद चिकटवणे आवश्यक आहे. इंकजेटची शाई अशा गोंदाने पसरू शकते, त्यामुळे लेझर छपाई अधिक सुरक्षित ठरते.

घडीचे कोपरे नेटके दिसतात; पुठ्ठ्याच्या उघड्या कडा रंगवाव्या लागतात.

ट्रॅकपासून दूरच्या लहान टपऱ्यांसाठी आणि ज्यांना लवकर काही उभे करायचे आहे त्यांच्यासाठी घडीचा कागद पुरेसा आहे. कायमस्वरूपी मांडणीसाठी, विशेषतः वळणालगतच्या इमारतींसाठी, पुठ्ठाच घ्यावा.