‘सगळ्या एसयूव्हींना बसतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा सायकल रॅक

दुकानदार डिकीवर रॅक चढवतो, पट्टे आवळतो आणि स्वतःच त्याला लटकून दाखवतो. "बघा साहेब, सत्तर किलोचा माणूस झेलला. तुमच्या तीन सायकलींचं काय घेऊन बसलात!" मुलं बघत असतात, सुट्टी तोंडावर आलेली असते. यूपीआयचा आवाज होतो आणि रॅक घरी येतो. या धंद्यातली बरीच फसवणूक ह्या एका प्रयोगावर चालते, म्हणून आधी तोच सोडवून बघू.

गाडी उभी असते. माणूस दहा सेकंद लटकतो, तेही दांड्यांच्या मुळाशी, डिकीला चिकटून. सायकली तशा बसत नाहीत. पहिली डिकीपासून वीस-पंचवीस सेंटीमीटरवर येते, तिसरी साठावर. पंधरा किलोच्या तीन सायकली म्हणजे ४५ किलो, सरासरी ४० सेंटीमीटर बाहेर. वरचे हूक आणि खालचे फोमचे पाय यांच्यात ६० सेंटीमीटर अंतर धरलं, तर रॅकचा वरचा भाग ३० किलोच्या जोरानं मागे ओढला जातो, आणि खाली ओढणारे ४५ आहेतच. ढोबळ हिशोबानं वरच्या दोन पट्ट्यांवर मिळून ५४ किलोंचा ताण येतो, म्हणजे एका हुकावर २७. हे झालं गाडी उभी असताना. न दिसलेल्या स्पीड ब्रेकरवर मागची चाकं आपटली की क्षणभर तो सहज दुप्पट होतो, आणि पुणे ते महाबळेश्वर जाऊन येईपर्यंत असे धक्के किती बसतात ते मोजायलाच नको. शिवाय खंबाटकीच्या वळणांवर सायकली आडव्या डुलतात. ते डुलणं धरतात बाजूचे दोन पट्टे. स्वस्त रॅकमध्ये नेमके तेच नसतात, किंवा असतात पण "याची गरज नाही" म्हणून पिशवीतच राहतात.

आता हा २७ किलोंचा हूक बसतो कुठे ते जवळून बघा. हूक म्हणजे दोन बोटं रुंद, रबर चढवलेली वाकवलेली पट्टी. ती डिकीच्या दाराच्या वरच्या कडेत, पत्र्याच्या घडीवर अडकवायची असते. पण हल्लीच्या बहुतेक एसयूव्हींना त्या जागी प्लॅस्टिकचा स्पॉयलर असतो, क्लिपा आणि चार-दोन स्क्रूंवर धरलेला. हूक त्यावर बसला की पहिल्या दिवशी काही दिसत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या सहलीनंतर हुकाच्या दोन्ही बाजूंना केसासारखी चीर येते, रंगाचा पोपडा उडतो, आणि एक दिवस कड तुटून हूक सुटतो. काही नव्या गाड्यांचं तर डिकीचं अख्खं दारच प्लॅस्टिकच्या मिश्रणाचं असतं. खिशात फ्रिजवरचा लोहचुंबक ठेवा. हूक बसणार तिथे तो चिकटला नाही, तर पट्ट्यांचा रॅक तुमच्या गाडीसाठी नाही, दुकानदार कितीही लटकला तरी.

चांगले उत्पादक गाडीचं मॉडेल आणि वर्ष घालून यादी देतात, आणि त्या यादीत बऱ्याच गाड्यांपुढे सरळ ‘बसत नाही’ असं असतं. ‘युनिव्हर्सल’ लिहिलेल्या खोक्यात ती यादी नसते. नसणं हेच उत्तर समजावं.

पट्टे जमत नाहीत म्हटल्यावर गिऱ्हाईक टपाकडे वळवलं जातं, आणि इथे खोटं आकड्यात असतं. रॅकवर ‘क्षमता ६० किलो’ असा स्टिकर असतो. तो खराही असू शकतो, पण ती क्षमता रॅकची. गाडीचं टप चालत्या गाडीत किती वजन घेईल हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये ‘रूफ लोड’ या नावाखाली असतं, आणि दोन्हींपैकी लहान आकडा धरायचा. रेनो कायगरसारख्या गाडीच्या पत्रकात रूफ रेलची क्षमता ५० किलो अशी स्पष्ट दिलेली असते. या ५० मधून क्रॉसबारचे, म्हणजे टपावरच्या आडव्या दांड्यांचे, पाच-सहा किलो आणि प्रत्येक सायकलीच्या कॅरिअरचे चारेक किलो आधी वजा होतात. दोन कॅरिअर लावले तर सायकलींसाठी उरतात ३६. दोन सायकली आरामात. तिसरी सायकल आणि तिचं कॅरिअर धरलं की हिशोब ६० च्या पुढे जातो. दुकानात मात्र सांगतात, "पंधरा त्रिक पंचेचाळीस, पन्नासच्या आत."

त्याहून वाईट म्हणजे शोभेच्या रेल. टपावर चांदीच्या रंगाची लांब पट्टी दिसते, म्हणून ती रेल असते असं नाही. बऱ्याच गाड्यांत ती दोन बाजूंच्या टेपवर किंवा क्लिपांवर बसवलेली प्लॅस्टिकची शोभा असते, आणि मॅन्युअलमध्ये तिच्यावर वजन लादू नका असं छापलेलंही असतं. तिच्यावर क्लॅम्प आवळून क्रॉसबार विकणारे आहेत. रेल पोकळ वाजते का, अंगठ्यानं दाबून हलते का, टोकाच्या टोप्या काढल्यावर आत बोल्ट दिसतो का, एवढं बघितलं तरी पुरे. रेल नसेल तर "भोक पाडून बसवून देतो" असा तोडगा निघतो. टपाला भोक म्हणजे गंज आणि पाणी. बाजूच्या कर्टन एअरबॅगही तिथेच छताच्या कडेनं गेलेल्या असतात, आणि हे काम केल्यावर कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते.

पॅनोरमिक सनरूफची काच उघडताना वर उचलून मागे सरकते. क्रॉसबार खाली असेल तर ती त्यालाच धडकते. हे विकताना कोणी सांगत नाही. टपावर सायकल उभी केल्यावर उंची पावणेतीन मीटरच्या आसपास जाते आणि मॉलच्या तळघराचा आडवा बार असतो सव्वादोन मीटरवर किंवा त्याहूनही खाली, हेही नाही.

खरा खिसा कापला जातो तो हिचमध्ये. हिच म्हणजे गाडीच्या मागे खालून पक्का बसवलेला दोन इंची चौकोनी पाइप, त्यात रॅक, वर तीन-चार सायकली. परदेशी व्हिडिओ बघून लोक हेच मागतात आणि पद्धत चांगलीच आहे. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्या हिचशिवाय येतात, मग फॅब्रिकेटर तो बनवून देतो. १८ किलोंचा रॅक आणि ४५ किलोंच्या सायकली, बंपरपासून ६० सेंटीमीटर मागे. म्हणजे साठ सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकावर ६३ किलोंचा माणूस उभा राहून उड्या मारतोय असं समजा. हा पीळ चॅसीच्या लांब बीमपर्यंत पोचला पाहिजे. स्कॉर्पिओ-एन, थार किंवा फॉर्च्युनरला शिडीसारखी चॅसी आहे, तिथे हे जमतं. क्रेटा, सेल्टोससारख्या मोनोकॉक, म्हणजे वेगळी चॅसी नसलेल्या गाड्यांत बॉडीच्या खाली वेल्ड केलेल्या बीमनाच दोन्ही बाजूंनी लांब हात नेऊन बोल्ट करावे लागतात. महाग काम आहे, म्हणून ते न करता हिच बंपरच्या आतल्या आडव्या बीमला किंवा स्टेपनीच्या हँगरला लावून मोकळे होतात. आतला तो बीम मागून धडक बसली की चेपण्यासाठी असतो. त्याचे बोल्ट सायकली पेलायला नसतात.

पैसे देण्याआधी गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि मोबाइलचा टॉर्च मारून हात कुठपर्यंत गेलेत ते स्वतः बघा. बीमवर नवी वेल्डिंग दिसली, काळा रंग फासून झाकलेली असली तरी, काम नाकारा. उष्णतेनं तिथलं हाय-स्ट्रेंथ पोलाद नरम पडतं आणि जस्ताचा थर जळतो. बोल्टच्या डोक्यावर ८.८ असा ग्रेड कोरलेला हवा. कोऱ्या डोक्याचा बोल्ट म्हणजे कुठलाही बोल्ट.

थारसारख्या मागच्या दारावर स्टेपनी असलेल्या गाड्यांसाठी स्टेपनीच्या नटांवर बसणारे रॅक मिळतात. ते बरे. फक्त सगळं वजन दाराच्या बिजागरीवर येतं, म्हणून दोनपेक्षा जास्त सायकलींचा मोह नको.

थुले या नावाजलेल्या रॅक कंपनीच्या मालाची नक्कल ओळखणं त्या मानानं सोपं आहे. "थुले टाइप", "फर्स्ट कॉपी", "ओईएम" हे शब्द ऐकले की काटा आणि चुंबक काढा. थुलेच्या प्रोराइड ५९८ चं वजन ४.२ किलो आणि क्षमता एका सायकलीची, २० किलोंपर्यंत. नक्कल त्याहून जड भरते, कारण ‘ॲल्युमिनियम’ म्हणून पावडर कोटिंग केलेला लोखंडी पाइप असतो आणि त्याला चुंबक चिकटतो. २० किलोंचा आकडा आणखी एका कारणानं लक्षात ठेवा. बऱ्याचशा ई-सायकली २२ ते २५ किलोंच्या भरतात. बॅटरी काढून काही किलो वाचतात, तरी तिला याच्यावर चढवू नये.

खोक्यावरचं लेबल वाचायला दोन मिनिटं लागतात. आयात मालाच्या पॅकवर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, महिना-वर्ष आणि एमआरपी असणं २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांनुसार सक्तीचं आहे. कोरं खोकं, नुसता बारकोड, किंवा एमआरपीवर चिकटवलेला दुसरा स्टिकर असेल तर घासाघीस करत बसू नका, उठा.

बिनदांडीच्या सायकलीचा तिढा विक्री झाल्यावर निघतो. आईची लेडीज सायकल आणि लहान मुलाची २० इंची, दोन्हींना रॅकच्या हातांवर अडकेल अशी आडवी दांडी नसते. मग सीटखालच्या दांड्यापासून हँडलच्या दांड्यापर्यंतचा जोडबार वेगळा घ्यायला लावतात. दुकानात सायकली घेऊनच जा आणि तिथेच सगळ्या चढवून बघा.

नंबर प्लेटबद्दल हमखास उत्तर मिळतं, "पोलीस काही म्हणत नाहीत." केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले ५० आणि ५१ हे नियम नंबर प्लेटबद्दलच आहेत. सायकलींमागे झाकलेली प्लेट किंवा दिवे यांचा दंड भरणार तुम्ही. सायकलीवर बांधायला दुकानदार करून देतो ती साधी प्लेट एचएसआरपी (सक्तीची हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नसते, त्यामुळे ती असून नसल्यासारखीच.

बिल पक्कं घ्या, जीएसटी नंबरसह, आणि त्यावर गाडीचं मॉडेल, वर्ष आणि ‘या गाडीसाठी, इतक्या सायकली’ हे लिहून मागा. इथेच निम्मे दुकानदार मागे सरतात. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलातल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, परत घ्यायला नकार देणं हीसुद्धा. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ हा शिक्का सदोष मालाला लागू होत नाही. आधी लेखी तक्रार दुकानाला, मग १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर. त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग: दोन वर्षांच्या आत, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पैसे घेऊन माल न पाठवणारं इन्स्टाग्राम पेज असेल तर प्रकरण सायबर फसवणुकीचं, त्याला १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन, कारण पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं.

पुरावा मात्र रॅक गाडीवर असतानाच गोळा करायचा. हूक कुठे बसलाय, चीर कुठून सुरू झालीय, हिचचे हात कशाला लावलेत, प्रत्येकाचे जवळून फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. दुकानदार फोनवर गोड बोलेल, "घेऊन या, बदलून देतो." तुटलेला हूक आणि रॅक त्याच्या हातात द्यायच्या आधी ‘मिळाला’ अशी तारखेची पोच लिहून घ्या. नाहीतर पुढच्या आठवड्यात तोच रॅक, नवा हूक लावून, दुसऱ्या कुणाच्या डिकीवर असतो आणि तुमच्याकडे दाखवायला काहीच नसतं.