व्हीलॅन फक्त कागदावर: आमच्या पतसंस्थेच्या नेटवर्कच्या कामात झालेली फसवणूक

सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या पतसंस्थेत मी व्यवस्थापक आहे. काउंटरचे संगणक, सीसीटीव्ही कॅमेरे आणि सभासदांसाठीचे वायफाय ही तिन्ही जाळी एकमेकांपासून वेगळी करावीत, असा ठराव संचालक मंडळाने केला आणि तीन दरपत्रकांपैकी मधल्या दराचे दरपत्रक मंजूर झाले. त्यात 24 पोर्टचे दोन मॅनेज्ड स्विच (वायरी जोडण्याची, आतली मांडणी बदलता येणारी पेटी), ‘व्हीलॅन कॉन्फिगरेशन’ (एकाच स्विचच्या पोर्टचे एकमेकांपासून वेगळे गट पाडणे) आणि उभारणी मिळून 1,24,000 रुपये व त्यावर 18 टक्के जीएसटी, असे एकूण 1,46,320 रुपये होते. ही रक्कम आम्ही काम संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी पूर्ण दिली. त्यातला काही भाग महिनाभर राखून ठेवायला हवा होता, हे मला आज मान्य आहे.

काम दिसायला नेटके होते. काउंटरच्या पोर्टवर हिरवी, कॅमेऱ्यांच्या पोर्टवर निळी आणि वायफायच्या पोर्टवर पिवळी चिकटपट्टी लावली होती. फाइलमध्ये ‘व्हीलॅन 10 काउंटर, व्हीलॅन 20 कॅमेरे, व्हीलॅन 30 वायफाय’ असा तक्ता आणि स्विचच्या पडद्याचे छायाचित्र जोडले होते. काम ताब्यात देताना ठेकेदाराने कॅमेऱ्यांच्या बाजूला लॅपटॉप जोडला, काउंटरच्या संगणकाला पिंग केले (तो उत्तर देतो का हे पाहणारा संदेश पाठवला) आणि ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’, म्हणजे तिथे पोहोचता येत नाही, हे उत्तर आम्हाला दाखवले. अध्यक्षांनी आणि मी तिथेच समाधानाची सही केली. स्विचचा पासवर्ड मात्र त्याने दिला नाही. ‘तुम्ही हात लावलात तर वॉरंटी जाईल, शिवाय सुरक्षेच्या दृष्टीने तो आमच्याकडेच असलेला बरा,’ असे तो म्हणाला. दुसरा स्विच बसवलेल्या वरच्या मजल्यावरच्या रॅकची किल्लीही त्याच कारणाने त्याच्याकडे राहिली.

पुढे व्हरांड्यातला एक कॅमेरा पावसात बंद पडला. तो बदलायला दुसरा तंत्रज्ञ आला होता. त्याने कॅमेऱ्याची वायर काढून आपल्या लॅपटॉपला लावली, थोडा वेळ पडद्याकडे पाहिले आणि मला बाहेर बोलावले. कॅमेऱ्यांच्या त्या वायरीवर काउंटरचे संगणक राउटरचा पत्ता विचारत असल्याच्या एआरपी विनंत्या एकामागून एक उमटत होत्या. खरोखर वेगळे व्हीलॅन असते तर हे ब्रॉडकास्ट, म्हणजे जाळ्यातल्या सर्वांना उद्देशून सोडलेले संदेश, त्या वायरीपर्यंत यायलाच नको होते. त्याने लॅपटॉपचा पत्ता हाताने बदलून 192.168.10 च्या मालिकेतला घातला आणि आत रोखपालाच्या शेजारच्या प्रिंटरमधून एक चाचणीचा कागद बाहेर पडला. व्हरांड्यात तर रात्री कोणीही येऊन उभे राहू शकते, आणि ती वायर माणसाच्या हाताला येईल इतक्याच उंचीवर आहे. आमच्या ठेवीदारांत निवृत्त शिक्षक आहेत, ऊसतोड कामगार आहेत, त्यांची सगळी माहिती या संगणकांवर आहे. तो कागद हातात घेताना माझ्या पायाखालची जमीन सरकली.

खालच्या मजल्यावरच्या स्विचच्या तळाशी चिकटवलेल्या पट्टीवर कारखान्यातून येणारे नाव आणि पासवर्ड छापलेले होते, आणि त्याच पासवर्डने स्विचची आतली मांडणी उघडली. सुरक्षेसाठी म्हणून आमच्यापासून लपवलेला पासवर्ड तो हाच. आतल्या यादीत व्हीलॅन 10, 20 आणि 30 ही नावे होती, पण त्यांच्यापुढच्या पोर्टच्या रकान्यात काहीच नव्हते. सगळे 24 पोर्ट व्हीलॅन 1 मध्येच, म्हणजे स्विच खोक्यातून निघताना असतात तसेच होते आणि प्रत्येक पोर्टचा पीव्हीआयडी (त्या पोर्टला ठरवून दिलेल्या गटाचा क्रमांक) 1 होता. फाइलमधले छायाचित्र नेमके पोर्टचा रकाना वगळून कापलेले आहे, हे तेव्हा लक्षात आले. वरच्या रॅकचे कुलूप तोडले, तर आत 16 पोर्टचा साधा, अनमॅनेज्ड स्विच निघाला. असल्या स्विचमध्ये व्हीलॅनची मांडणी करण्याची सोयच नसते.

आम्हाला दाखवलेली चाचणी कशी फसवी होती, हे प्रत्येकाने समजून घ्यावे असे मला कळकळीने वाटते. त्याने फक्त दोन बाजूंना आयपी पत्त्यांच्या दोन वेगळ्या मालिका दिल्या होत्या. मालिका वेगळी असली की साधा पिंग पोहोचत नाही, पण वायर आणि स्विच एकच असल्यामुळे पत्ता हाताने बदलला की सगळे खुले होते. खऱ्या व्हीलॅनमध्ये स्विच स्वतःच प्रत्येक फ्रेम (वायरीवरून जाणारा माहितीचा तुकडा) कोणत्या गटाची आहे हे पाहतो आणि ती दुसऱ्या गटाच्या पोर्टवर सोडत नाही. दोन स्विचमधल्या वायरीवर तो 802.1 क्यू या मानकाप्रमाणे फ्रेमला चार बाइटचा टॅग लावतो, ज्यात 1 ते 4094 पर्यंतचा क्रमांक असू शकतो. म्हणून चाचणी घेताना आपला लॅपटॉप वापरावा, पत्ता समोरच्या गटातला घालून पाहावा आणि संगणकाऐवजी प्रिंटरवर प्रयत्न करावा, कारण विंडोजची फायरवॉल बहुतेक वेळा बाहेरून आलेला पिंग आपणहूनच अडवते आणि त्यावरून व्हीलॅनविषयी काहीच सिद्ध होत नाही.

आमच्या दरपत्रकात स्विचचा मॉडेल क्रमांक नव्हता आणि बिलावर अनुक्रमांकही नव्हता. या एका चुकीने आमची बाजू सर्वांत जास्त लंगडी केली, कारण खोक्यातून आलेला स्विच हाच की नंतर बदललेला, हे आता कागदावरून दाखवता येत नाही. मॉडेल, अनुक्रमांक, पासवर्ड, रॅकची किल्ली आणि कॉन्फिगरेशनची बॅकअप फाइल हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

ठेकेदाराला फोन केला तेव्हा तो आधी म्हणाला, ‘व्हीलॅन केलेले आहेत, नावे बघा.’ दुसऱ्या दिवशी त्याने जादा लायसन्स घ्यावे लागेल असे सांगितले, आणि त्यानंतर त्याने फोन उचललेला नाही. ग्राहक आयोगाकडे जाण्याचा विचार होता, पण 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेला माल वगळलेला असल्याने वाद त्याच मुद्द्यावर अडकेल, असे वकिलांचे मत पडले. म्हणून आधी रीतसर नोटीस पाठवली आहे.

कॅमेऱ्याच्या त्याच तंत्रज्ञाने ओळखीच्या नेटवर्कवाल्याला आणून खालच्या स्विचचे पोर्ट एका दुपारीत खऱ्या गटांत घातले आणि राउटरकडे जाणारा 24 वा पोर्ट टॅग केलेला ठेवला. वरच्या मजल्यासाठी मॅनेज्ड स्विच मागवला आहे आणि तो येईपर्यंत वरचे वायफाय बंद आहे. नवा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात घालून संस्थेच्या तिजोरीत ठेवला आहे आणि तो साधा 16 पोर्टचा स्विच पंचनाम्यासह त्याच तिजोरीत आहे.